शेरूचं पोट

शेरूच्या पोटातला आवाज आमच्या छपरीत झोपलेल्या माणसाला ऐकू यायचा. 2007 साल होतं. मुकुटबनला तेव्हा बारा-बारा तासांचं भारनियमन. रात्री लाइन गेली की पंखे बंद, टीव्ही बंद, सगळं गाव चिडीचूप. वणीच्या रस्त्यानं एखादा कोळशाचा ट्रक गेला तर तेवढाच आवाज. अन् मग अंगणातल्या कडुलिंबाखाली बांधलेल्या कुत्र्याच्या पोटात गुडगुड सुरू व्हायची, रिकाम्या ड्रममध्ये पाणी ओतावं तशी. बाबा कूस बदलत म्हणायचे, "झालं याचं सुरू."

पाच मिनिटांनी साखळी वाजायची. मी टॉर्च घेऊन उठायचो, साखळी सोडायचो, त्याला उकिरड्याकडं न्यायचो आणि तो बसेपर्यंत उभा राहायचो. रात्रीतून तीनदा, कधी चारदा. सकाळी सातची एसटी पकडून मला शाळेत जायचं असे. शिक्षणसेवक होतो, महिना 3000 रुपये मानधन. वर्गात पाढे म्हणून घेताना डोळे मिटायचे, तेव्हा पोरं आपापसात हसायची. त्यांना वाटायचं, गुरुजी रात्री पत्ते खेळतात.

शेरू आमच्याकडं आला 2005 च्या उन्हाळ्यात. मामा वणीकडं कोळसा खाणीत होते. त्यांच्या कॉलनीतल्या एका साहेबाची अल्सेशियन कुत्री, आणि बाप रस्त्यावरचा कोणीतरी. कान उभे, पाठ काळी, पाय तांबूस. मामानं पिशवीत घालून आणला तेव्हा मायनं कपाळाला हात लावला होता. "माणसाले पुरत नाई अन् हे कायले आनलं?" पण रानडुकरांनी त्या वर्षी तुरीचा एक तासही उभा ठेवला नव्हता, आणि बाबांना जागलीवर सोबत पाहिजे होती. वर्षभरात शेरू तयार झाला. मचाणाखाली बसायचा, आणि धुऱ्यावर पाचोळा वाजला की असा सुटायचा की डुकरांचा कळप नाल्यापार. दोन हंगाम आमचं शेत त्यानं राखलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं आम्ही त्याच्याशी जे वागलो ते त्याचं हे काम माहीत असूनही वागलो.

2007 च्या होळीपासून त्याचं पोट बिघडलं. आधी वाटलं, होळीची पुरणपोळी बाधली असेल. मग आठवडा गेला, महिना गेला. हागवण म्हणावी तर पाण्यासारखी नव्हती. गाईच्या पोवासारखा ढीग पडायचा, पिवळट-राखाडी, वर तेलाची साय आल्यासारखी चमक, आणि वास असा की शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायच्या, "काही मेलं का व तुमच्या इथी?" रक्त नव्हतं, ताप नव्हता, ओकारी क्वचित. आणि भूक! सकाळी चार भाकरी, संध्याकाळी वरण-भाताचं घमेलं. ते चाटूनपुसून झालं की पुन्हा दारात उभा. तरी दिवसागणिक वाळत चाललेला. बरगड्या दिसायला लागल्या, मग पाठीचे मणके. अंगावरचे केस गवताच्या काडीसारखे राठ झाले.

औषधं केली, नाही असं नाही. पहिल्यांदा जंत म्हणून पळसपापडी गुळात घालून दिली. मग जंताची गोळी. मग बेलफळाचा गर. मग पोडावरचा एक म्हातारा कोलाम आमच्याकडं निंदणाला यायचा, त्यानं कुड्याची साल आणून दिली. ती उगाळून पाजली तर दोन दिवस जरा बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी होतं तिथंच. एका औषधाच्या दुकानातून माणसाच्या जुलाब बंद करायच्या गोळ्या आणल्या. त्यानं जुलाब बंद झाले खरे, पण पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि शेरू रात्रभर कण्हत राहिला. नजर लागली म्हणून काकूंनी काळा दोरा बांधला, तो मात्र बरेच दिवस टिकला.

मग त्यानं खाऊ नये ते खायला सुरुवात केली. न्हाणीतला साबण खाल्ला. गोठ्यातलं शेण खायचा. बैलांसाठी ठेवलेली सरकीची ढेप पोत्यातून ओढून खाल्ली. स्वतःचंच हागलेलं खाताना मी त्याला पाहिलं, आणि त्या दिवशी त्याला काठीनं मारलं. आमच्या घरात त्याआधी शेरूला कोणी मारलं नव्हतं. "हावरट" हा शब्द तेव्हापासून घरात रुळला. ह्याला रोग नाही, ह्याला हाव आहे, असं आमचं सगळ्यांचं ठरलं.

आषाढी एकादशीच्या दिवशी साखळी तोडून तो घरात शिरला आणि देव्हाऱ्यातल्या निरांजनातली तुपाची वात खाऊन टाकली.

माझी माय माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा येत नसे. बाबांना मटण आवडायचं, पण ते बाहेर, मित्राच्या शेतात, आणि घरी येण्याआधी विहिरीवर आंघोळ करून. मायला हे ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे, पण तीस वर्षांत त्यावर कोणी एक शब्द बोललं नव्हतं. तर अशी माय त्या एकादशीला विझलेल्या निरांजनासमोर बसली होती. ती रागावली नाही. म्हणाली, "त्याच्या पोटाले आराम पायजे. मी इतक्या एकादश्या करतो, मले काही झालं? आजपासून त्याले एकच टाइम देत जा. ताक-भात. बाकी काही नाई."

आणि ते पटण्यासारखंच होतं. माणसाचं पोट बिघडलं की लंघन, हे आजीपासून चालत आलेलं. शिवाय गुण दिसला ना! कमी खाल्लं तर कमी हागायचा. रात्रीचं उठणं तीनदाचं एकदावर आलं. मी झोपायला लागलो. बाबा म्हणाले, "पाय, तुह्या मायच्या औषधानं झालं." आषाढीपासून दसऱ्यापर्यंत, तीन महिने, आम्ही त्याला दिवसातून एकदा वाटीभर ताक-भात घातला, शनिवारी आणि एकादशीला तोही नाही. तो साखळीच्या टोकाला येऊन स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसायचा. भुंकायचं त्यानं सोडून दिलं होतं. आम्ही म्हणायचो, आता शहाणा झाला.

दसऱ्याच्या सुमारास कापसाच्या पहिल्या वेचाला पैनगंगेपलीकडून, आदिलाबादकडून बाया आल्या. दरवर्षी यायच्या. आमच्या भागात तेलुगू थोडंफार सगळ्यांनाच कळतं. अंगणात पाणी प्यायला थांबलेल्या त्यांच्यातल्या एका म्हातारीनं शेरूकडं पाहिलं आणि म्हणाली, "कुक्ककि आकलि." कुत्र्याला भूक लागली आहे. बाबा हसले. त्यांनी तिला आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं की आजी, हा भुकेचाच रोगी आहे, गावभर खाऊन बसलाय. म्हातारी काही बोलली नाही. आपल्या फडक्यातली भाकर मोडून तिनं अर्धी त्याच्यापुढं टाकली आणि कापसाकडं निघून गेली.

त्याच आठवड्यात मामा आले. त्यांनी शेरूकडं पाहिलं, आणि आपणच आणून दिल्याचं वाईट वाटून म्हणाले, "जीप आहे माह्या ओळखीच्याची. नदीपार सोडून देऊ. तिकडं जगला तं जगला." बाबांनी मान हलवली. मी काही बोललो नाही. माय म्हणाली, "दिवाळी होऊ द्या." म्हणजे सगळ्यांचंच ठरलं होतं, फक्त तारीख ठरायची होती.

दिवाळीच्या आधी गावात लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणाला नवे डॉक्टर आले. तरुण होते, नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले. आमच्या गोठ्यात बैलांना सुई टोचत असताना त्यांचं लक्ष शेरूकडं गेलं. तो शेण खात होता.

"हा कधीपासून असा?"

"होळीपासून, साहेब. हावरट हाय," बाबा म्हणाले.

"आधी खायचा किती?"

"दोन मानसाचं."

"आणि हागायचा किती?"

बाबा थांबले. "तेवढंच," म्हणाले.

डॉक्टरांनी सिरिंज ठेवली आणि शेरूजवळ उकिडवे बसले. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, काकडीसारख्या झालेल्या मांडीला हात लावला. मग उकिरड्यावर जाऊन काडीनं ढीग उसकटला. इतकं मन लावून कुत्र्याचं हागणं पाहणारा माणूस आमच्या घरात पहिल्यांदाच आला होता. म्हणाले, "घरात जुना एक्स-रे आहे का कोणाचा?"

बाबांचा 2003 मध्ये बैलगाडीवरून पडून हात मोडला होता. त्याची फिल्म पेटीत होती. डॉक्टरांनी कडेच्या काळ्या भागाच्या दोन पट्ट्या कात्रीनं कापल्या. लसीच्या दोन रिकाम्या बाटल्या धुतल्या. त्यात खायच्या सोड्याचं पाणी घातलं, एकीत शेरूची विष्ठा चिमूटभर कालवली, दुसरीत शेजारच्या लाल्याची. लाल्या म्हणजे गल्लीतला सगळ्यात दणकट कुत्रा. दोन्हींत एकेक पट्टी बुडवली आणि मायला म्हणाले, "मावशी, आंघोळीला घेतो तेवढं कोमट पाणी द्या एका गंजात." बाटल्या त्या पाण्यात ठेवून ते दुसऱ्या घरची गुरं टोचायला गेले. पाणी निवलं की मायनं थोडं ऊन पाणी घालायचं, एवढं सांगून.

दीड तासानं परत आले. हापशाखाली पट्ट्या धुतल्या. लाल्याच्या पट्टीवरचा काळा थर साफ निघून गेला होता, काचेसारखी आरपार. शेरूची पट्टी होती तशीच काळी.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. जठराच्या खाली स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. अन्न फोडणारा रस तिथून येतो. पीठ, तेल, डाळ, मांस, जे काही खाल्लं ते त्या रसानं विरघळतं, तेव्हाच अंगी लागतं. फिल्मवरचा काळा थर सरसात बसवलेला असतो. लाल्याच्या पोटातल्या रसानं तो सरस खाऊन टाकला. शेरूच्या पोटात तो रसच नाही. अल्सेशियन जातीत हा रोग जास्त दिसतो, साधारण वयाच्या पहिल्या चार वर्षांत. "तुमच्या जिनिंगमध्ये कापूस घालत राहिलात आणि आतलं यंत्रच बंद असलं तर काय होईल? जसा घातला तसा बाहेर. तसं आहे हे." तपासणी जुनी आहे, शंभर टक्के खात्रीची नाही, असंही ते म्हणाले. रक्ताची एक तपासणी खात्रीची असते, पण ती इथं होणार नाही. लक्षणं मात्र सगळी जुळत होती.

माय सुपात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे साहेब, त्याले खरंच भूक लागत होती?"

"मावशी, तो उपाशी मरत होता. पोटभर खाऊनही उपाशी. आणि आता तर तुम्ही…" ते थांबले. लंघनाचं बाबांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, थोडं कौतुकानंच.

माय उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही. एकादशी नव्हती.

आता उपाय. तो रस बाहेरून द्यायचा. माणसांसाठी त्याच्या कॅप्सूल मिळतात, त्या फोडून अन्नात कालवायच्या, प्रत्येक जेवणाला, आयुष्यभर. रोग बरा होत नाही, नुसता सांभाळायचा. मी वणीला जाऊन भाव विचारला, बसस्टँडवर बसून हिशेब केला आणि घरी येऊन डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, "ठीक आहे, मग दुसरा रस्ता आहे. फुकट आहे, पण तुमच्या घरी चालेल का माहीत नाही."

दुसरा रस्ता म्हणजे बकऱ्याचं कच्चं स्वादुपिंड. खाटीक ते फेकूनच देतो. बारीक चिरून भातात कालवायचं. शिजवायचं नाही, शिजवलं की त्यातला गुण जातो. बर्फात गोठवून ठेवलं तर टिकतं. जोडीला आठवड्याला एक असं बी-12 ची सहा इंजेक्शनं, ती ते देणार होते. तेल-तूप बंद, भाकरी बंद, मऊ भात आणि मुगाची डाळ, दिवसातून तीन वेळा.

मी खाटकाकडं गेलो. आमच्या घरातलं माणूस तिथं पहिल्यांदाच आलेलं पाहून त्यानं सुरी खाली ठेवली. "गुरुजी, तुमी?" मी डॉक्टरांनी लसीच्या रजिस्टरच्या पानामागं काढून दिलेलं चित्र दाखवलं. पहिल्या दिवशी त्यानं तिल्ली दिली, दुसऱ्या दिवशी नुसती चरबी. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः येऊन आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटलेला तो फिकट गुलाबी, खरबरीत पट्टा दाखवून गेले. खाटीक म्हणाला, "हे तं लबलबा! आधी सांगाचं नं." एका बकऱ्याचा लबलबा मूठभरही भरत नाही. बाजाराच्या दिवशी आणि रविवारी जास्त बकरे पडतात, एरवी एक-दोन. म्हणजे साठवणं आलं.

आमच्या घरी फ्रीज होता. मायनं बिशीच्या पैशातून घेतलेला, दुधासाठी आणि नैवेद्याच्या श्रीखंडासाठी. त्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. बसस्टँडजवळ माझ्या एका वर्गमित्राचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं, त्याच्याकडं डीप फ्रीजर. "कुत्र्याचं औषध हाय," म्हणून मी काळ्या पिशव्या ठेवल्या. पंधरा दिवस चाललं. मग एके दिवशी एक पिशवी फुटली. त्यानं सगळ्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. "भाऊ, राग नोको धरू. इथी पोरं येते एक रुपयाची पेप्सी घ्याले." त्याचं बरोबरच होतं.

संध्याकाळचे सात वाजले होते. लाइन नुकतीच आली होती. मी अंगणात गळती पिशवी घेऊन उभा, आणि शेरू पिशवीकडं बघत. पंधरा दिवसांत त्याचं हागणं बांधलं गेलं होतं. खरं सांगायचं तर तिसऱ्याच दिवशी बांधलं गेलं होतं, आणि बाबांनी ते मामांना फोन करून कळवलं होतं. शेतकऱ्याच्या घरात कुत्र्याच्या घट्ट हागण्याचा असा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

माय दारात आली. पिशवीकडं पाहिलं. "काऊन आनलं घरी?"

मी सांगितलं.

ती आत गेली. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग बर्फाचा ट्रे ओट्यावर ठेवल्याचा. मग श्रीखंडाचा डबा. ती पुन्हा दारात आली आणि म्हणाली, "आन."

सुरुवातीला चिरायचं काम माझं होतं. गोठ्यात वेगळी विळी, वेगळी परात. पण दुपारच्या आणि संध्याकाळच्या वेळेला मी घरी नसायचो, आणि बाबांचा मोडलेला हात विळीवर चालत नव्हता. आठवडाभर त्यांनी कसंबसं केलं, तुकडे मोठे राहिले, शेरूचं पुन्हा ढिलं झालं. त्यानंतर एका सोमवारी मी शाळेतून आलो तर माय गोठ्यात विळीवर बसलेली. पदर नाकावर बांधलेला, माळ गळ्यातच. बर्फाचा गोळा पाण्यात सोडवून ती मेथी चिरते तितकं बारीक चिरत होती. मी म्हणालो, "मी करतो न व माय."

"म्या ठेवलं त्याले उपाशी," ती म्हणाली. "तू जाय, हातपाय धू."

यावर आमच्यात नंतर कधी बोलणं झालं नाही. चिरून झालं की ती आंघोळ करायची. थंडीच्या दिवसांतसुद्धा, दोन-दोनदा. माळ काढून ठेवावी का, कोणा महाराजांना विचारावं का, असं तिच्या मनात आलं असेल. तिनं कोणाला विचारलं नाही आणि माळ काढली नाही.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की भातात कालवून अर्धा तास ठेवा आणि मग द्या. पुढं मला कळलं की तसं ठेवण्याची गरज नसते, कालवून लगेच दिलं तरी चालतं. पण त्या अर्ध्या तासानं एक झालं. मायनं पहिल्या दिवशी घट्ट भात कालवून झाकून ठेवला आणि उघडून पाहिला तर तो पातळ झालेला, पेजेसारखा. पाणी घातलेलं नव्हतं. तिनं मला हाक मारली, बाबांना हाक मारली. "पाहा, न शिजवता विरघळला." एक्स-रेच्या पट्टीवर तिचा फारसा विश्वास नव्हता, ह्या भातावर बसला. त्यानंतर ती लबलबा न म्हणता "त्याचं इरजण" म्हणायची.

गावात कळायला वेळ लागला नाही. काकूंनी भिंतीवरून पाहिलं होतं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त त्या वर्षीच्या सप्ताहात काल्याच्या स्वयंपाकाला मायला बोलावणं आलं नाही. आदल्या वर्षापर्यंत पुऱ्या लाटायला ती पहिली असायची. ती भजनाला गेली, मागं बसली, टाळ वाजवले, प्रसाद घेऊन घरी आली. बाबा चिडले. तीस वर्षं विहिरीवर आंघोळ करून घरात शिरलेले बाबा, म्हणाले, "मी जाऊन बोलतो त्यायले." माय म्हणाली, "तुमी कायचं बोलता?" बाबा गप्प बसले.

दर पंधरा दिवसांनी आम्ही शेरूला कापसाच्या काट्यावर तोलायचो. गोणपाटाच्या झोळीत पाय बाहेर काढून तो लटकायचा, आणि त्या वेळी त्याच्या तोंडावर जो अपमान दिसायचा तो पाहण्यासारखा होता. पहिल्यांदा तोलला तेव्हा साडेसोळा किलो भरला. संक्रांतीला एकोणीस. होळीला चोवीस. होळीच्या दुसऱ्या दिवशी तो काकूंच्या मांजरावर भुंकला, तेव्हा बाबा अंगणात येऊन उभे राहिले आणि ऐकत राहिले.

सरळ रेषेत मात्र काही झालं नाही. कोणी पोरानं बिस्किट घातलं की दोन दिवस पुन्हा तेच. लग्नाच्या पंगतीमागं एकदा तळलेलं खाऊन आला आणि आठवडा वाया गेला. उन्हाळ्यात भारनियमन वाढलं, फ्रीजमधलं विरघळून पुन्हा गोठायचं आणि त्यातला गुण कमी व्हायचा, मग मी वणीहून थर्मासमध्ये बर्फ आणायचो. पण खरी अडचण आली ती 2008 च्या श्रावणात. श्रावणात बकरे कमी पडतात हे मला माहीत होतं, इतके कमी पडतील हे लक्षात आलं नव्हतं. खाटकानं सरळ सांगितलं, "गुरुजी, आता पोळ्याच्या करीपर्यंत भरोसा नाई." साठा आठ दिवसांचा. मी वणी पाहिली, बाबांनी पांढरकवडा पाहिला. थोडंथोडं मिळालं. शेरूची वाटी अर्ध्यावर आली आणि पोटातला तो आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, म्हणजे तिचा उपास, माय देवळातून परस्पर खाटकाच्या घरी गेली. दुकानात नाही, घरी. हे मला खाटकाच्या बायकोनं नंतर सांगितलं. माय ओट्यावर बसली, पाणी मागून प्यायली. उपासाच्या दिवशी तिच्या घरचं पाणी प्यायली, हे ती बाई दोनदा सांगत होती. आणि म्हणाली, "ताई, तुमच्या सोयऱ्यात कोनी आदिलाबादले हाय का? तिकडं श्रावन पाळत नसन तं सांगा." होते. त्यांच्या भावजीचं नदीपार दुकान होतं. पोळ्यापर्यंत दर चार दिवसांनी एका ट्रकवाल्याच्या हाती थर्माकोलचा डबा यायला लागला. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी कर आली, गावात घरोघर मटण शिजलं, आणि खाटकानं एका दिवसात एवढं दिलं की फ्रीजमध्ये दुधाला जागा राहिली नाही.

त्या सालापासून शेरू पुन्हा जागलीवर जायला लागला. पूर्वीसारखा पळत नव्हता, पण भुंकायचा, आणि डुकरांना तेवढं पुरत असे. मी 2009 मध्ये कायम झालो, पगार वाढला, तेव्हा कॅप्सूल सुरू केल्या. फ्रीज मोकळा झाला. तरी मायचा त्यांवर जीव बसला नाही. बाजाराच्या दिवशी ती म्हणायची, "त्याचं इरजण आन थोडं." 2014 च्या हिवाळ्यात, नऊ वर्षांचा होऊन, शेरू एका रात्री मचाणाखालीच गेला. पोट त्याचं तेव्हा चांगलं होतं.

तीन-चार वर्षांपूर्वी बाबांचा तो जुना हात पुन्हा दुखायला लागला. वणीला हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. माय पेटीतली जुनी फिल्म आठवणीनं बरोबर घेऊन आली होती. डॉक्टरांनी ती उजेडाकडं धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ही कडेनं कोणी कापली? दोन पट्ट्या?"

बाबा म्हणाले, "कुत्र्याच्या हागवनीसाठी कापली, साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग मायकडं. बाहेर पेशंटची रांग होती. त्यांनी फिल्म परत पाकिटात घातली आणि बाबांना शर्ट काढायला सांगितलं.